दोन देवांचं जावळ

"जावळाला तेल हळू लावा हं विहीणबाई, तुटायला नको. जेजुरीचं आहे ते."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोरीत पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या पायांवर माझा पावणेतीन महिन्यांचा यदु पालथा पडला होता. नरकचतुर्दशीची पहाट होती, त्याची पहिली दिवाळी. पहिल्या दिवाळीला मी माहेरी जायची, पण बाळ नाजूक म्हणून माझी आईच बार्शीहून फलटणला आली होती. तिच्या हातात कोमट तेलाची वाटी होती. ती हात थांबवून म्हणाली, "जेजुरीचं म्हणजे?"

"खंडोबाला बोललेय मी. हा दवाखान्यात पेटीत होता ना, तेव्हा. पोर नीट घरी येऊ दे, त्याचं पहिलं जावळ तुझ्या पायरीशी काढीन."

आईनं वाटी खाली ठेवली.

"अहो, पण मी तुळजापूरला बोललेय की."

"काय?"

"जावळच. पहिलं."

यदुनं तेवढ्यात आत्याबाईंचं लुगडं ओलं केलं. कुणाचं लक्ष गेलं नाही. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि मग दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"आणि तू गं कुमुद?" आईनं विचारलं. "तू कुणाला बोलली होतीस?"

मी दारात पंचा घेऊन उभी होते. सोळाव्या वर्षापासून माझा नेम आहे, अंथरुणातून उठल्यापासून पूजा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पूजा व्हायची होती. मी पंचा पुढं केला.

"मौन आहे तिचं," आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे बोललीय," आई म्हणाली. "नसती बोलली तर मान हलवली असती."

"तिसराच कुणीतरी दिसतोय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी यदुला उताणा केला.

पूजा झाल्यावर मी सांगू शकले असते. तोवर दोघी अनारशाच्या पिठावरून बोलत होत्या. मला कुणी परत विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. पुढचे पाच महिने जे झालं त्यात माझा वाटा एवढाच होता, पण तो लहान नव्हता.

यदु आठव्या महिन्यात झाला. श्रावणातला जन्म. साताऱ्याच्या एका दवाखान्यात तो एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होता. आत फक्त मला सोडत, तेही दूध काढून द्यायला. आत्याबाई आणि आई बाहेरच्या काचेतून बघत. दिसायचं काय, तर एक पांढरं टोपडं आणि नळ्या. त्या एकोणीस दिवसांत कधीतरी दोघी वेगवेगळ्या बोलल्या. नवस सांगितला की त्याचं बळ जातं, म्हणून एकमेकींना काही म्हणाल्या नाहीत. एकाच बाकावर बसून, एकाच डब्यातलं खाऊन, दोघींनी एकच डोकं दोन देवांना देऊन टाकलं.

नुसतं जावळ असतं तर निम्मं निम्मं केलं असतं. पण दोघी 'पहिलं' बोलल्या होत्या. पहिली कात्री जिथं लागेल ते जावळ. नंतरचे ते नुसते केस. आणि नवस मोडला तर काय होतं, हे त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. तो पेटीतून बाहेर आला तो या बोलण्यावर, अशी दोघींचीही खात्री होती. दिलेला शब्द मागं घेतला तर दिलेलं मूलही मागं जाईल, एवढा सरळ तो हिशेब होता.

आमचं घर शिंप्याचं. पुढच्या खोलीत ह्यांचं दुकान. घरात लहानमोठ्या अकरा कात्र्या होत्या. काज करायची, दोरे कापायची, कॅनव्हासची, एक तर हातभर लांब. दिवाळीच्या पाडव्याला आत्याबाईंनी त्या सगळ्या उंच फळीवर ठेवल्या आणि ह्यांना बजावलं, "पोर दुकानात आलं की कात्री हातातून खाली."

"मग काम कसं करू?"

"पोर गेल्यावर."

"पोर तुमच्याच कडेवर असतं. तुम्ही दिवसभर दुकानात बसता."

"मग दिवसभर सांभाळून."

ह्यांनी तोडगे पुष्कळ सुचवले. पहिला, पुढचे केस जेजुरीला, मागचे तुळजापूरला.

"पण आधी कुठं?" आत्याबाईंनी विचारलं.

दुसरा, एकाच दिवशी दोन्हीकडे.

"एकाच दिवशी, पण आधी कुठं?"

मग ह्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "कापड एक आणि गिऱ्हाइकं दोन असली तर मी काय करतो माहितीये? एकाला सांगतो, तुमचं जरा मागं पडेल."

"कुणाला सांगतोस?"

"जो कमी ओरडतो त्याला."

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "या दोघांत कमी ओरडणारा कोण?"

ह्यांनी टेप परत गळ्यात घातली.

बार्शीहून आईची पत्रं यायची. तिनं त्यांच्या गुरुजींना विचारलं होतं. ते म्हणाले, आधी देवी, मग बाकीचे. आत्याबाईंनी गल्लीतल्या गुरवांना विचारलं. ते म्हणाले, कुळाचा देव आधी, आणि मूल बापाच्या कुळाचं. आत्याबाईंनी ते मला पत्रात लिहायला लावलं. मी लिहिलं. आईचं उत्तर आलं, 'विहीणबाईंना साष्टांग नमस्कार. कूळ तुमचं, पण पोर पोटात माझ्या लेकीनं वाढवलं.' मी तेही वाचून दाखवलं. दोन्हीकडची लेखनिक मीच होते. प्रत्येक पत्राच्या शेवटी आई लिहायची, 'कुमुदचं कुणाकडे आहे ते कळवणे, म्हणजे तिसरी सोय बघता येईल.' ती ओळ मी वाचत नसे.

माझ्याबद्दल गल्लीत फार चांगलं मत होतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, गुरुवारी अळणी, रोज पाच फुलवाती, तुळशीला अकरा फेऱ्या. शेजारच्या बायका परीक्षेचा नंबर, मुलीची स्थळं, पायाचं दुखणं असं काय काय मला सांगून जात. "तुमचं ऐकतो हो तो," म्हणत. मी हो म्हणे आणि त्यांची नावं घेऊन एकेक फूल वाही. त्यांची कामं कधी होत, कधी होत नसत. झाली की त्या पेढे आणत.

संक्रांतीला यदु पाच महिन्यांचा झाला. त्याचं बोरन्हाण. ह्यांनी काळ्या कापडाचं झबलं शिवलं, त्यावर पांढरे ठिपके. आत्याबाईंनी हलव्याचा मुकुट केला, आईनं बार्शीहून हलव्याची बासरी आणि बाजूबंद पाठवले. मुकुट बसेना. जावळ एवढं वाढलं होतं की मुकुट त्यावर तरंगायचा. शेवटी डोक्याच्या मधोमध एक शेंडी बांधली आणि मुकुट तिच्यात अडकवला.

"काय गोड मुलगी हो!" कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या.

"मुलगा आहे."

"असू दे, असू दे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी ओंजळभर बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे आणि तिळाच्या रेवड्या यदुच्या डोक्यावर ओतल्या.

बाकीच्या मुलांच्या डोक्यावरून ते घरंगळतं. यदुच्या डोक्यात ते राहिलं. पोरंटोरं बोरं वेचायला वाकली आणि मग वर बघायला लागली. हलवा केसांत चिकटला होता, रेवड्या चिकटल्या होत्या. विंचरावं तर केस तुटणार. तुटलेला केस कुणाचा? आत्याबाई उशीवर सापडलेला एकेक केससुद्धा हळदकुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवत. चार दिवस कोमट पाण्याचा बोळा फिरवून आम्ही साखर विरघळवली. दुसऱ्याच दिवशी मुंग्या लागल्या होत्या. दुपट्याच्या चारी कोपऱ्यांना हळदीच्या रेघा ओढून मी यदुला मधे निजवलं.

"देवाच्या वस्तूला मुंग्या लागायच्याच," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते वाईट वाटलं नाही. आता त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. यदु तेहतिशीत आहे, आणि ज्या डोक्यावरून एवढं झालं त्यावर आता कपाळापासून मागं बरीच जागा झाली आहे.

शिमग्याला त्याच्यावर कुणी रंगाचा थेंब टाकू नये म्हणून आत्याबाई दाराला आतून कडी घालून बसल्या. पाडव्याला आई आली, साखरेच्या गाठी घेऊन, आणि तिनं जाहीर केलं की चैत्री पौर्णिमेला तुळजापूरला जायचं. यदुचा मामा रजा घेणार होता, कारण जावळ मामाच्या मांडीवर काढतात.

"मामा जेजुरीलाही येऊ शकतो," आत्याबाई म्हणाल्या. "मांडी त्याचीच आहे."

"येईल की. तुळजापूरहून परत आल्यावर."

"परत आल्यावर काय काढायचं? खुंट?"

त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या वेळी जेवल्या. श्रीखंड दोघींनी वाढून घेतलं, पण वेगवेगळ्या वेळी.

पाडव्यानंतर पाचव्या दिवशी मी यदुच्या मानेवरचे केस वर केले तर खाली केसतूड दिसलं. एक नव्हे, चार. उन्हाळा, घाम, आणि केसांचं ओझं. संध्याकाळपर्यंत सात झाली. कानामागचं सुपारीएवढं होतं, लाल, टणक. यदु मान वळवेना. दूध ओढताना रडायचा आणि सोडून द्यायचा. अंग तापलं.

"पाहिलंत?" आई म्हणाली. "उशीर झाला की देवी अशी आठवण करते."

"खंडोबाची आठवण आहे ही," आत्याबाई म्हणाल्या. "पौषात न्यायला हवं होतं."

दोघी घाबरल्या होत्या. ते त्यांच्या आवाजावरून नाही, हातांवरून कळत होतं. आत्याबाई लिंबाचा पाला वाटत होत्या आणि वाटून झालेला परत वाटत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. हे दुकानात थांबले, लग्नसराईचे ब्लाउज होते. डॉक्टरांनी यदुचं डोकं चाचपलं आणि विचारलं, "हे केस कशासाठी ठेवलेत?"

आत्याबाईंनी केसांवरून हात फिरवला.

"आत पू आहे. हे मोठं फोडावं लागेल, आणि त्याआधी सगळे केस काढावे लागतील. आत्ता. कंपाउंडर काढेल."

"आत्ता नको हो डॉक्टर," आई म्हणाली. "आठ दिवसांनी पौर्णिमा आहे."

"आठ दिवसांनी हे रक्तात उतरेल."

"उद्या पहाटे जेजुरीला नेऊन दुपारपर्यंत परत आणते," आत्याबाई म्हणाल्या. "साबणानं धुवून आणते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांनी असे नवस बरेच पाहिले असावेत. "बाहेर बसा आणि ठरवा," ते म्हणाले. "मी तोवर दोन पेशंट बघतो. दोनच."

बाहेर चपलांशेजारी एक लांब बाक होता. मी मधे बसले, यदु मांडीवर. एका बाजूला आत्याबाई, दुसऱ्या बाजूला आई. समोर एक शेतकरी बाप आपल्या मुलीचा प्लॅस्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून बसला होता. मुलगी यदुकडे बघत होती. पहिला पेशंट आत गेला.

"पहिलं म्हणजे पहिलं," आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. "इथं काढलं तर कुणाचंच नाही राहिलं. दोन्ही मोडले."

आई म्हणाली, "माझ्यामुळं काही झालं तर मी..." तिनं यदुचा पाय धरून ठेवला होता. पाय गरम होता.

मी म्हटलं, "पहिलं जावळ इथं निघणार नाही."

"मग कुठं?"

"ते गेलंय."

"कुठं गेलंय?"

"साताऱ्याला. तिसऱ्या दिवशी. हाताची शीर सापडेना, म्हणून डोक्यात सलाईन लावलं. थोरात सिस्टरनी पत्तीनं एवढी जागा केली." मी यदुच्या कानशिलावर बोट ठेवलं. तिथंही आता केस होतेच. "मी पेटीपाशीच होते. मला विचारलं, काढू का? मी म्हटलं, काढा. ते केस ट्रेमध्ये पडले आणि ट्रे बाई घेऊन गेली."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. समोरच्या मुलीचा बापही बघायला लागला होता.

"टोपडं होतं ना डोक्यावर," आई म्हणाली. तिला टोपड्याचा राग आल्यासारखं दिसलं.

"म्हणून दिसलं नाही."

आत्याबाई बोटांवर मोजत होत्या. "मी पाचव्या दिवशी बोलले."

"मी सहाव्या," आई म्हणाली. "निळा पडला होता त्या दिवशी."

"म्हणजे आपण बोललो तेव्हा..."

"नव्हतंच," मी म्हटलं.

पहिला पेशंट बाहेर आला, दुसरा आत गेला.

"इतके दिवस तू गप्प बसलीस?" आत्याबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "आम्ही भांडतोय, पत्रं लिहितोय. ती पत्रंसुद्धा तूच लिहीत होतीस."

"हो."

"का गं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग तू कुणाला बोललीस."

"बरं मग? कुणाला बोलली होतीस?"

"कुणालाच नाही."

जावळ गेल्याचं ऐकून त्या दोघींचे चेहरे जेवढे उतरले नव्हते तेवढे आता उतरले. आई अंग मागं घेऊन माझ्याकडे बघायला लागली, जणू मी कुणाची तरी दुसऱ्याची मुलगी होते.

"एकोणीस दिवस?" ती म्हणाली. "पोर तसं पडलंय, आणि तू... तू? सोमवार करतेस, चतुर्थी करतेस..."

"त्या दिवसांतही केल्या."

"मग दिवसभर तिथं बसून काय करत होतीस?"

"वाती वळत होते."

"आणि मागितलं काही नाही?"

"नाही."

"मुलासाठी नाही?"

मी यदुला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्याचा श्वास मानेला लागत होता. त्या दिवशी जे बोलले ते त्याआधी मी स्वतःशीही बोलले नव्हते, त्यामुळं ते नीट जमलं नाही. मी म्हटलं, "मी देवाकडे कधीच काही मागितलं नाही आई. शेजारच्यांचं सांगते, ते वेगळं. आपलं नाही. मला वाटलं, हे एवढं मागावं, आणि त्यानं नाही म्हणावं, तर मग घरी गेल्यावर सकाळी मी त्याच्या अंगावर पाणी कसं घालायचं? कुठं बघायचं? मूलही जाईल आणि तोही जाईल. म्हणून मी मागितलंच नाही. नुसती बसले. म्हटलं, न मागता जे होईल ते होईल, निदान सकाळची पूजा तरी राहील."

समोरचा बाप मुलीच्या प्लॅस्टरवरची धूळ झटकत होता.

"म्हणजे भ्यालीस," आत्याबाई म्हणाल्या.

"हो."

"देवाला."

"हो."

"आणि गल्ली तुझ्याकडे फुलं आणून देते." त्या हसल्या नाहीत. त्यांनी पदरानं यदुच्या कपाळावरचा घाम टिपला, मग त्याच पदरानं माझा. "माग आता."

"काय?"

"याचा ताप उतरू दे म्हण. साधं. बोकड कबूल करू नकोस, जावळ कबूल करू नकोस, ते तर राहिलंच नाही. नुसतं माग. आमच्यासमोर."

"इथं? चपलांपाशी?"

"तो काय फक्त देवघरातच ऐकतो का?" आई म्हणाली. आता ती आत्याबाईंच्या बाजूला होती. मला कळलंसुद्धा नाही कधी गेली ते. "माग की गं. आम्ही आहोत."

माझा आवाज एरवीही लहान. मी म्हटलं, "याचा ताप उतरू दे."

"मोठ्यानं," आत्याबाई म्हणाल्या.

"याचा ताप उतरू दे."

समोरची मुलगी तिच्या बापाला म्हणाली, "अण्णा, त्या बाई कुणाशी बोलतायत?" बापानं तिला गप्प केलं आणि स्वतः हात जोडले. आजवर माझ्या कुठल्याही व्रतात असं मागणं आलं नव्हतं.

कंपाउंडरनं हाक मारली.

मामा नव्हता, म्हणून यदुला आत्याबाईंनी मांडीवर घेतलं. कंपाउंडरनं मशीन लावताच आईनं कमरेचा रुमाल काढून डाव्या बाजूला पसरला. आत्याबाईंनी आपला पदर उजव्या बाजूला पसरला. मशीन जिकडे वळेल तिकडे केस पडत. कंपाउंडर म्हणाला, "बाई, केराची बादली आहे." दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं बादली पायानं मागं सरकवली. कुठले केस कुणाकडे हे कुणी ठरवलं नाही. मागाहून आत्याबाई आपले घेऊन जेजुरीला गेल्या, आई आपले घेऊन तुळजापूरला. कुणी पहिले की दुसरे विचारलं नाही. दोघींनी सांगितलंही नाही.

मोठं गळू फोडताना यदु असा ओरडला की बाहेरची माणसं उठून उभी राहिली.

संध्याकाळी ताप एकशे एक होता. औषध चालू झालं, डोक्यावर पांढरी पावडर. डोकं केवढंसं होतं ते त्या दिवशी दिसलं. मी त्याला उरावर घेऊन पडले. आई आणि आत्याबाई शेजारच्या खोलीत एकाच चटईवर झोपल्या, पाडव्यानंतर पहिल्यांदा.

सकाळी मी थर्मामीटर लावला. एकशे दोन.

मी आंघोळ केली. फुलं काढली. देवघरापुढं पाट घेतला आणि ताम्हणात देव काढले. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक. तांब्या भरून घेतला. आणि हात तिथंच थांबला. देव ताम्हणात उघडे बसले होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यावर एका बियाण्याच्या दुकानाची जाहिरात होती. ती मी दोनदा वाचली.

आत्याबाई यदुला घेऊन मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्यांनाही कळलं होतं. माझं मौन अजून सुटलं नव्हतं.

"मी पाचव्या दिवशी बोलले ना," त्या म्हणाल्या, "दवाखान्याच्या मागं पिंपळाखाली तो शेंदराचा दगड होता तिथं. जेजुरीकडे तोंड करून. नाक घासलं. आणि दुसऱ्या दिवशी हा निळा पडला."

मी वळून पाहिलं.

"मग काय करणार. सातव्या दिवशी परत गेले. आठव्या दिवशी गेले. एकदा तर शिव्या दिल्या त्याला." यदु कुरकुरला, त्यांनी त्याला थोपटलं. "तुला वाटतं मागितलं की तो हो तरी म्हणतो नाही तर नाही तरी म्हणतो. तसं नसतं गं. बराच वेळ तो काहीच म्हणत नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचं पातेलं धरून उभी होती.

"घाल पाणी," आत्याबाई म्हणाल्या. "देव पारोसे बसलेत."

मी खाली बघितलं आणि पाणी घातलं.